महात्मा गांधी हत्या : वादग्रस्त साक्षी आणि कटकथा

महात्मा गांधी यांची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी नवी दिल्ली येथील बिर्ला भवनाच्या हिरवळीवर, सायंप्रार्थनेला जाताना झाली. नथुराम विनायक गोडसे याने जवळून झाडलेल्या गोळ्यांनी हा मृत्यू घडून आला, याविषयी न्यायालयात वा न्यायालयाबाहेर कधीही गंभीर वाद झालेला नाही. वाद आहे तो या कृत्यामागे आणखी कोण होते, कोणाला आधी माहीत होते आणि त्या काही क्षणांत नेमके काय घडले, याविषयी. प्रस्तुत लेखात या वादांना कारण ठरलेल्या साक्षी, त्यांचे न्यायालयीन मूल्यमापन आणि त्यांच्या भोवती पुढे रचल्या गेलेल्या कटकथा यांचा परामर्श घेतला आहे.

'कट' हा शब्द या प्रकरणात दोन अर्थांनी येतो आणि त्यांची गल्लत वारंवार होते. एक कट न्यायालयात सिद्ध झालेला आहे. त्यातील आरोपींना शिक्षा झाल्या आहेत. दुसऱ्या अर्थाने 'कट' म्हणजे पुराव्यावाचून किंवा अपुऱ्या पुराव्यावर केलेला तर्क. या लेखात दुसऱ्या प्रकारासाठी 'कटकथा' हा शब्द वापरला आहे.

घटना आणि पहिली अफवा

त्या दिवशी सरदार वल्लभभाई पटेल यांच्याशी चाललेल्या बोलण्यामुळे गांधीजींना प्रार्थनेस निघण्यास उशीर झाला. मनू आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते प्रार्थनास्थळाकडे निघाले. सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास गर्दीतून पुढे आलेल्या गोडसे याने मनूला बाजूला ढकलले आणि इटालियन बनावटीच्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. गांधीजींचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते.

या हत्येविषयीची पहिली कटकथा काही मिनिटांतच जन्मली. मारेकरी मुसलमान असल्याची हाकाटी बिर्ला भवनाबाहेरच्या गर्दीत सुरू झाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन तेथे पोहोचले तेव्हा त्यांच्या कानावरही ती आली आणि तो हिंदू होता असे त्यांनी तत्काळ ठणकावून सांगितले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदविले आहे. फाळणीच्या दंगली शमल्या नव्हत्या, अशा त्या दिवसांत या अफवेची किंमत किती मोठी झाली असती, हे वेगळे सांगावयास नको. सायंकाळी सहा वाजता आकाशवाणीने मृत्यूची वार्ता देतानाच मारेकरी हिंदू असल्याचे जाहीर केले, ते याच भीतीमुळे.

मारेकऱ्याचे नाव व जात कळल्यावर दुसरी लाट महाराष्ट्रात उसळली. एका व्यक्तीच्या आणि तिच्या मूठभर साथीदारांच्या कृत्याचा दोष सबंध जातीवर ठेवला गेला. मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे व मालमत्ता जाळण्यात आली. विनायक दामोदर सावरकर यांचे धाकटे बंधू नारायणराव मुंबईत दगडफेकीत जबर जखमी झाले. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

सिद्ध झालेला कट

हत्येच्या दहा दिवस आधी, २० जानेवारी रोजी, बिर्ला भवनातील प्रार्थनासभेच्या जवळ गनकॉटनचा स्फोट झाला होता. स्फोट घडविणारा मदनलाल पाहवा हा पंजाबातून आलेला निर्वासित तरुण जागच्या जागी पकडला गेला. त्याचे साथीदार निसटले. या घटनेमुळे ३० जानेवारीचे कृत्य एकट्या माथेफिरूचे नव्हे, हे अन्वेषकांना आरंभापासूनच दिसत होते.

लाल किल्ल्यात भरलेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. फिर्यादी पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा, शंकर किस्तैया, गोपाळ गोडसे, विनायक दामोदर सावरकर आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रेय परचुरे हे आठ जण आरोपी होते. पुण्यात शस्त्रास्त्रांची विक्री करणारा दिगंबर बडगे हा माफीचा साक्षीदार झाला. गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा हे तिघे फरारी दाखविले गेले.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम गोडसे व आपटे यांना फाशी, इतर पाच जणांना जन्मठेप झाली; सावरकर निर्दोष ठरले. सिमला येथे भरलेल्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयात न्या. भंडारी, न्या. अछरुराम आणि न्या. गोपाल दास खोसला यांच्यापुढे अपिले चालली. २१ जून १९४९ रोजी परचुरे आणि किस्तैया यांची सुटका झाली व उरलेल्यांच्या शिक्षा कायम झाल्या. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला कारागृहात फाशीची अंमलबजावणी झाली.

या अपिलांतील एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. नथुराम गोडसे याने खुनाच्या दोषसिद्धीविरुद्ध अपील केलेच नव्हते. त्याचे अपील कट सिद्ध झाल्याच्या निष्कर्षाविरुद्ध होते आणि ते त्याने स्वतःच चालविले. आपण एकट्याने हे केले, हीच त्याची खटल्यापासूनची भूमिका होती. अन्य देशांतील राजकीय हत्यांशी तुलना करता हा प्रकार उलटा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येबाबत वॉरन आयोगाने एकच मारेकरी असल्याचे सांगितले आणि संशय घेणाऱ्यांनी कट मांडला. येथे न्यायसंस्थेने कट मांडला आणि 'एकटा मारेकरी' ही कथा खुद्द मारेकऱ्याने पुढे केली. तिचा उघड हेतू साथीदारांना वाचविणे हा होता. १९६४ मध्ये शिक्षा भोगून सुटल्यावर गोपाळ गोडसे यांनी पूर्वनियोजनाविषयी आणि स्वतःच्या सहभागाविषयी मोकळेपणाने लिहिले व सांगितले. त्यानंतर या कथेला आधार उरला नाही. तरीही व्यासपीठांवरून ती अधूनमधून ऐकू येते.

बडगे याची साक्ष

सर्वाधिक काळ टिकलेला वाद सावरकरांच्या सहभागाचा आहे आणि तो मुख्यतः एका माणसाने ऐकल्याचे सांगितलेल्या एका वाक्याभोवती फिरतो.

बडगे याच्या साक्षीनुसार १४ जानेवारी १९४८ रोजी तो गोडसे व आपटे यांच्यासह दादरच्या शिवाजी पार्क भागातील सावरकर सदनापर्यंत गेला. ते दोघे आत गेले, तो बाहेर थांबला. पुढे, सावरकरांनी हे काम आपल्यावर सोपविले आहे, असे आपटे याने आपल्याला सांगितल्याचे त्याने साक्षीत म्हटले. १७ जानेवारीला तिघे पुन्हा तेथे गेले. बडगे तळमजल्यावर थांबला, बाकीचे दोघे वर गेले. थोड्या वेळाने ते खाली आले, त्यांच्यामागे सावरकर आले आणि 'यशस्वी होऊन या' असे म्हणाले. परतताना टॅक्सीत आपटे याने, गांधींची शंभर वर्षे भरली असे भाकीत तात्यारावांनी केल्याचे सांगितले.

या कथनात दोन निरनिराळ्या दर्जाच्या गोष्टी आहेत. आपटे याने सांगितलेले बडगे सांगतो, ती ऐकीव माहिती आहे. जिन्यापाशी उच्चारलेले वाक्य मात्र त्याने स्वतः ऐकल्याचे तो सांगतो. सारा भार त्या वाक्यावर येतो तो यामुळे.

बडगे याची उलटतपासणी प्रदीर्घ झाली. न्यायाधीशांनी त्याला खोटा ठरविले नाही. एकंदरीत तो सरळपणे उत्तरे देणारा साक्षीदार असल्याचेच त्यांचे मत पडले. त्याच्या साक्षीचा मोठा भाग इतर पुराव्याशी जुळत होता आणि त्या आधारे इतरांना शिक्षाही झाली. मग सावरकरांच्या बाबतीत ती का पुरली नाही? याचे उत्तर पुराव्याच्या कायद्यात आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम १३३ असे सांगत होते की, गुन्ह्यातील साथीदार हा सक्षम साक्षीदार आहे आणि केवळ त्याच्या साक्षीवर दिलेली शिक्षा तेवढ्याच कारणाने बेकायदा ठरत नाही. परंतु कलम ११४ चे 'ब' उदाहरण न्यायालयाला सावध करीत होते : महत्त्वाच्या बाबतींत दुजोरा मिळाल्याखेरीज साथीदार विश्वासास अपात्र आहे, असे गृहीत धरता येते. दोन्ही मिळून व्यवहारात असा नियम झाला होता की, प्रत्येक आरोपीपुरता स्वतंत्र दुजोरा शोधावयाचा. माफीच्या साक्षीदाराला स्वतःचा जीव वाचवावयाचा असतो. तो दहा गोष्टी खऱ्या सांगून अकरावी पदरची घालू शकतो, ही भीती या नियमामागे आहे.

फिर्यादी पक्षाने दुजोरा म्हणून दोन साक्षी दिल्या. १४ जानेवारीस गोडसे व आपटे यांना आपल्या मोटारीतून सावरकर सदनाजवळ सोडल्याचे एका चित्रपट अभिनेत्रीने सांगितले. १७ तारखेच्या फेरीविषयी टॅक्सीचालकाने साक्ष दिली. या साक्षींनी ते त्या परिसरात गेले होते एवढे दिसते. घरात कोणाशी काय बोलणे झाले, ते दिसत नाही. त्या घरात सावरकरांचे सचिव आणि हिंदुमहासभेचे इतर लोकही असत. सावरकरांनी आपल्या लेखी निवेदनात अशी भेट व असे उद्गार नाकारले आणि पुढे असाही युक्तिवाद केला की, क्षणभर ते शब्द उच्चारले गेले असे मानले तरी ते कोणत्या कामाविषयी होते हे बडगे जाणू शकत नव्हता. केवळ बडगे याच्या कथनावर सावरकरांविरुद्ध निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही, असे ठरवून न्यायाधीशांनी त्यांना मुक्त केले. सरकारने या मुक्ततेविरुद्ध अपील केले नाही.

यावरून दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती केली जाते. सावरकरांचे काही टीकाकार 'केवळ तांत्रिक कारणावरून सुटका' असे म्हणतात. दुजोऱ्याचा नियम ही तांत्रिक बाब नव्हे. निरपराध माणूस साथीदाराच्या शब्दावर फासावर जाऊ नये यासाठी तो आहे. उलट, काही समर्थक 'बडगे खोटारडा ठरला' असे सांगतात. निकालपत्रात तसे नाही.

याच प्रकरणात नंतर एक आणखी साक्ष जोडली गेली. मनोहर माळगावकर यांच्या 'द मेन हू किल्ड गांधी' या पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत असे आले की, तत्कालीन कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सावरकरांचे वकील ल. ब. भोपटकर यांना गुप्तपणे भेटून सावरकरांविरुद्ध खरा पुरावा नसल्याचे सांगितले होते. हे वृत्त मोठ्या उत्साहाने उद्धृत केले जाते. ते प्रसिद्ध झाले तेव्हा आंबेडकर आणि भोपटकर दोघेही हयात नव्हते. जो नियम बडगे याला लावावयाचा, तो या आठवणीलाही लावला पाहिजे.

केतकरांचे भाषण आणि कपूर आयोग

ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल यांची सुटका झाली. १२ नोव्हेंबर रोजी पुण्यात सत्यविनायकाच्या पूजेच्या निमित्ताने त्यांच्या सत्काराचा समारंभ झाला. तेथे लोकमान्य टिळकांचे नातू आणि 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी असे सांगितले की, गांधींना मारण्याचा मनोदय नथुरामने आपल्यापाशी आधीच बोलून दाखविला होता आणि ही गोष्ट बाळूकाका कानिटकर यांच्यामार्फत मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापर्यंत पोहोचविली गेली होती. या भाषणाने महाराष्ट्र विधिमंडळात आणि संसदेत खळबळ उडाली. केतकर आणि गोपाळ गोडसे यांना अटक झाली. मार्च १९६५ मध्ये गोपाल स्वरूप पाठक यांची चौकशीसाठी नेमणूक झाली. ते केंद्रीय मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश जीवनलाल कपूर यांच्याकडे हे काम आले. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला.

आयोगापुढची अडचण मोठी होती. ज्यांच्या कानावर गोष्ट घातली असे म्हटले जात होते ते खेर १९५७ मध्ये निवर्तले होते. सावरकरांचे निधन २६ फेब्रुवारी १९६६ रोजी झाले होते. जे हयात होते, ते वीस वर्षांपूर्वीचे संवाद आठवून सांगत होते आणि त्यांपैकी बहुतेकांना स्वतःची बाजू सावरावयाची होती.

तरीही आयोगापुढे काही नवे कागद आले. सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांच्या जबान्या मुंबई पोलिसांनी मार्च १९४८ मध्ये घेतल्या होत्या. त्यांनुसार गोडसे व आपटे यांचे सावरकरांकडे येणेजाणे होते आणि जानेवारी १९४८ मध्ये, स्फोटापूर्वी व स्फोटानंतरही, ते त्यांना भेटले होते. या दोघांना लाल किल्ल्यातील खटल्यात साक्षीदार म्हणून उभे केले गेले नव्हते. का केले नाही, हा प्रश्न रास्तच आहे. दुजोऱ्याचा अभाव हेच मुक्ततेचे कारण असल्यामुळे तो अधिकच बोचतो. मात्र पोलिसांपुढची जबानी ही न्यायालयातील साक्ष नव्हे. तिची उलटतपासणी झालेली नाही. भेटींच्या तारखाही त्यांत 'तेरा किंवा चौदा', 'तेवीस किंवा चोवीस' अशा अंदाजाने आहेत. शिवाय भेट झाली हे मान्य केले तरी भेटीत काय ठरले, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

आयोगाने एके ठिकाणी असा निष्कर्ष नोंदविला की, सर्व गोष्टी एकत्र घेता सावरकर व त्यांच्या गटाने रचलेला खुनाचा कट याखेरीज अन्य कोणताही तर्क टिकत नाही. हे विधान आज राजकीय वादांत सर्वांत अधिक उद्धृत होते. ते कोणत्या संदर्भात आले, हे पाहणे अगत्याचे आहे. आयोगापुढील विषय पूर्वसूचना कोणाला होती, ती सरकारला दिली गेली काय आणि सरकारने काय केले, हा होता. आरोपींचा पुन्हा न्याय करणे हा नव्हता. आणि वरील वाक्य पोलिसांच्या एका चुकीच्या तर्काचे खंडन करताना आले आहे. तो तर्क पुढे दिला आहे. एका घटनात्मक न्यायालयाच्या माजी न्यायाधीशांनी कागदपत्रे पाहून दिलेले मत म्हणून त्याचे वजन आहेच. परंतु चौकशी आयोगाचा निष्कर्ष दोषसिद्धीच्या जागी बसत नाही, आणि ज्यांच्याविषयी तो होता ते उत्तर देण्यास हयात नव्हते.

अपहरणाचा तर्क आणि वाया गेलेले दहा दिवस

मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी मदनलालने, दिल्लीला जाण्यापूर्वी, गांधींना मारण्याच्या बेताविषयी बढाई मारली होती. जैन यांना ती निर्वासित तरुणाची पोकळ बडबड वाटली. २० जानेवारीच्या स्फोटाची बातमी वाचताच ते हादरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुख्यमंत्री खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सारे सांगितले. देसाई यांनी त्याच रात्री पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना माहिती दिली. जैन यांनी विनंती केल्यामुळे त्यांचे नाव मात्र सांगितले नाही. परिणामी नगरवाला यांना जैन यांच्याशी प्रत्यक्ष बोलता आले नाही.

दिल्ली पोलिसांनी मदनलालच्या जबानीतील माहिती घेऊन दोन अधिकारी मुंबईस पाठविले. जबानीत एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता, आणि पुण्यातील 'अग्रणी'चा संपादक म्हणजे नथुराम गोडसे. हा उल्लेख नगरवाला यांना दाखविला असे दिल्लीचे अधिकारी सांगत राहिले. नगरवाला यांनी ते ठामपणे नाकारले. ही दोन कथने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि या प्रकरणातील सर्वांत दुर्दैवी परस्परविरोध हाच म्हणावा लागेल; कारण त्या एका कागदाची योग्य देवघेव झाली असती तर पुण्यात चौकशी करून संपादकाचे नाव काढणे एका दिवसाचे काम होते. पुणे गुप्तचर विभागाचे उपमहानिरीक्षक उ. ह. राणा त्याच सुमारास दिल्लीत होते. त्यांना मदनलालची सविस्तर जबानी मिळाली. ती घेऊन ते विमानाने न येता अलाहाबादमार्गे रेल्वेने मुंबईस निघाले.

या काळात नगरवाला यांच्या मनात एक वेगळाच तर्क घट्ट बसला होता. गांधीजींचे अपहरण करण्याचा एका मोठ्या टोळीचा बेत आहे, असे त्यांना वाटत होते. म्हणजे हत्येपूर्वीच एक कटकथा तयार झाली होती आणि ती खुद्द तपास अधिकाऱ्याची होती. कपूर आयोगाने हा तर्क फेटाळला आणि दिल्ली व मुंबई या दोन्ही ठिकाणच्या पोलीस यंत्रणांच्या ढिलाईवर बोट ठेवले. न्यायाधीश आत्माचरण यांनीही निकालपत्रात २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांनी दाखविलेल्या शैथिल्याविषयी कडक शब्दांत नापसंती नोंदविली होती.

'सरकारनेच मरू दिले' अशी कटकथा या शैथिल्यावर उभी आहे. तिच्याविरुद्ध जाणारी एक साधी गोष्ट अशी की, स्फोटानंतर बिर्ला भवनावरील पहारा वाढविण्यात आला होता आणि प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्याची पोलिसांची सूचना गांधीजींनी स्वतः अमान्य केली होती.

चौथी गोळी

फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार तीन गोळ्या झाडल्या गेल्या. दोन शरीरातून आरपार गेल्या, एक आत राहिली. रीतसर शवविच्छेदन झाले नाही. दिल्लीच्या सिव्हिल सर्जनांनी केलेली बाह्य तपासणी हाच वैद्यकीय पुरावा आहे. घटनेनंतरच्या काही वृत्तपत्रांत चार गोळ्यांचा उल्लेख आला. या विसंगतीवरून दुसऱ्या कोणीतरी चौथी गोळी झाडली, असा तर्क पुढे आला.

मुंबईचे पंकज फडणीस यांनी या आधारे फेरतपासाची मागणी केली आणि त्यात ब्रिटिशांच्या 'फोर्स १३६' या युद्धकालीन गुप्त संघटनेचे नाव गोवले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमले. चौथ्या गोळीला किंवा परकीय संस्थेच्या सहभागाला पुष्टी देणारा पुरावा नाही, असा अहवाल त्यांनी दिला आणि मार्च २०१८ मध्ये न्या. शरद बोबडे व न्या. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली.

घाईत लिहिलेल्या पहिल्या दिवसाच्या बातम्यांत गोळ्यांची संख्या चुकणे अनपेक्षित नाही. लागोपाठच्या आवाजांची मोजणी ही प्रत्यक्षदर्शी साक्षीतील सर्वांत कच्ची बाब असते. मागाहून कितीही वेळा उद्धृत केली तरी ती पक्की होत नाही.

'हे राम'

राजघाटावरील समाधीवर कोरलेले 'हे राम' हे शब्द गांधीजींनी खरोखर उच्चारले काय, याविषयीही मतभेद आहेत. नंदलाल मेहता यांनी तुघलक रोड पोलीस ठाण्यात दिलेल्या प्रथम माहिती अहवालात, गांधीजी 'राम, राम' म्हणत कोसळल्याची नोंद आहे. खटल्यात पानिपतचे गुरुबचन सिंग यांनी रामनाम ऐकल्याचे सांगितले. मनू गांधी यांनीही 'हे राम' असे लिहिले आहे. त्या तर शरीराला टेकूनच चालत होत्या. गोपाळ गोडसे यांचा दावा मात्र असा की, केवळ वेदनेचा उद्गार निघाला आणि बाकी सारे सरकारने रचले. गांधीजींचे सचिव व्ही. कल्याणम यांच्या नावावर 'गांधी हे राम म्हणालेच नाहीत' असे विधान २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये त्यांनी खुलासा केला की, गोंधळात आपल्याला काही ऐकू आले नाही, इतकेच आपण म्हटले होते. 'ऐकले नाही' आणि 'म्हटले नाही' यांतील अंतर मराठीतही तितकेच स्पष्ट आहे. पण मथळ्यांत ते राहत नाही.

सर्वांत जुनी नोंद त्याच सायंकाळची आहे आणि तीत रामनाम आहे. ती लिहिली गेली तेव्हा समाधी नव्हती आणि कोरण्याचा विचारही कोणी केलेला नव्हता. रामनाम उच्चारले गेले असावे, असे मानण्याकडे पुराव्याचा कल आहे. नेमके शब्द 'हे राम' की 'राम राम', हे सांगता येत नाही.

मारेकऱ्याला कोणी पकडले

गोडसे याने आपण पळण्याचा प्रयत्न न करता पिस्तूल धरलेला हात वर करून पोलिसांना हाक मारल्याचे सांगितले. तत्कालीन अनेक बातम्यांत अमेरिकी दूतावासातील तरुण अधिकारी हर्बर्ट रायनर यांनी झेप घेऊन त्याचे खांदे पकडल्याचे वर्णन आहे. भारतात हे श्रेय बिर्ला भवनातील ओडिया माळी रघू नायक यांना दिले जाते. त्यांना राष्ट्रपतींकडून बक्षीसही मिळाले. गर्दीत एकाच वेळी अनेकांनी एका माणसाला धरल्यास अशा साक्षी निर्माण होतात आणि त्यांपैकी कोणीही खोटे बोलत असेलच असे नाही.

संघाशी संबंधाचा वाद

आपण राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सोडून हिंदुमहासभेत काम करू लागलो, असे नथुराम गोडसे याने न्यायालयात सांगितले. गोपाळ गोडसे यांनी १९९४ मध्ये 'फ्रंटलाइन' पाक्षिकाला दिलेल्या मुलाखतीत, नथुरामने संघ सोडला नव्हता, असे म्हटले. भावाने भावाविषयी दिलेली ही साक्ष घटनेनंतर ४६ वर्षांनी आली. हत्येनंतर संघावर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी बंदी घालण्यात आली आणि जुलै १९४९ मध्ये ती उठविण्यात आली. सरदार पटेल यांनी २७ फेब्रुवारी १९४८ च्या पत्रात पंडित नेहरूंना कळविले की, कट हिंदुमहासभेतील सावरकरांच्या नेतृत्वाखालील कडव्या गटाने रचला आणि संघ त्यात गुंतलेला नव्हता. हे पत्र संघाचे समर्थक अर्धे आणि विरोधक उरलेले अर्धे उद्धृत करतात. तत्कालीन गृहसचिव आर. एन. बॅनर्जी यांनीही कपूर आयोगापुढे, संघावर आधीच बंदी घातली असती तरी घटनाक्रम बदलला नसता, अशी साक्ष दिली.

मराठी लेखन व रंगभूमी

गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या पुस्तकावर १९६७ मध्ये सरकारने बंदी घातली. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रदीप दळवी यांच्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाचे प्रयोग १९९८ मध्ये थांबविले गेले आणि पुढे न्यायालयाच्या निर्णयानंतर ते पुन्हा सुरू झाले. या नाटकातील दाव्यांची कागदपत्रांच्या आधारे तपासणी इतिहासकार य. दि. फडके यांनी 'नथुरामायण' या पुस्तकात केली. रंगमंचावरील स्वगताला उलटतपासणी नसते. आरोपीचे निवेदन तेवढे प्रेक्षकांपुढे येते आणि १४९ साक्षीदार पडद्याआड राहतात. या प्रकरणाविषयी मराठी वाचकांच्या मनात असलेल्या समजुतींपैकी पुष्कळ समजुती निकालपत्रातून नव्हे, तर या नाटकातून व त्याआधीच्या पुस्तकांतून आलेल्या आहेत.